मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं?

२०११च्या जनगणनेला आलेल्या प्रगणकाने दारावरची पाटी वाचली आणि मला न विचारताच मातृभाषेपुढे 'उर्दू' लिहिलं. मी हरकत घेतली. तो हसून म्हणाला, "मग काय भाऊ, मराठी लिहू?"

मला अशोक केळकर आठवले. मराठी वाचक त्यांना (१९२९–२०१४) समीक्षक म्हणून ओळखतो, पण माणूस मूळचा भाषावैज्ञानिक. मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी केली, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलं. १९६८ साली 'स्टडीज इन हिंदी-उर्दू' लिहिताना त्यांनी दोन्ही भाषांना मिळून एकच नाव दिलं, हिर्दू. लिपी आणि वरचे जड शब्द बाजूला काढले तर घरात, बाजारात बोलण्याचं व्याकरण एकच उरतं, म्हणून.

नाव चाललं नाही. चालणार कसं? हिर्दूच्या नावावर ना मतं मिळतात, ना चंदा.

आमच्या घरात अम्मी 'कायको' म्हणायची. 'काय' मराठीतला, 'को' हिर्दूतला. कळमेश्वरच्या बाजारात संत्र्याचा भाव करताना ती सरळ मराठीत भांडायची. या बाईची भाषा पाटीवरून ठरवणार?

पण राग फक्त प्रगणकावर काढून भागणार नाही. आमच्यातच उर्दूची एक ओळ वाचता न येणारी पोरं कौमची इज्जत म्हणून 'उर्दू' सांगतात. आकडा फुगतो, उर्दूचं पुस्तक मात्र घरात येत नाही. आणि ज्या मराठीत पोरगं शाळा शिकलं, परीक्षा दिली, ती मात्र 'त्यांची'. हे कोणी शिकवलं त्याला? आपणच ना?

तिकडे मराठी शुद्ध करायला निघालेले वेगळेच. त्यांनी एकदा तहसील कचेरीत जाऊन जमीन, खरीप, रब्बी, हंगाम, दस्तऐवज हे शब्द न वापरता अर्ज लिहून दाखवावा. केळकरांच्या ज्या पुस्तकाला २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नाव 'रुजुवात'. अरबी 'रुजू'वरून आलेला शब्द. मराठीच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाला तो परका वाटला नाही.

आता पुन्हा प्रगणक येईल. मातृभाषा मराठी, असं मी सांगणार आहे. येणाऱ्या इतर भाषांमध्ये हिर्दू सांगेन. त्याच्या यादीत ते नाव नसेलच, तरी सांगेन.