चाकणचा वेढा

भाड्याचे फिरते घर घेऊन आम्ही भीमाशंकराला निघालो. गादी, शेगडी, मोरी, सारे गाडीतच! भोसरीला मी ब्रेक दाबला आणि हिची लोणच्याची बरणी थेट गादीवर निजली.

चाकणच्या चौकात गाडी अडकली, ती दोन तास हलेना. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने इथलाच किल्ला शाएस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. आम्ही मात्र तासाभरात भुकेला शरण गेलो! हिने पिठले टाकले. वास सुटताच शेजारचा ट्रकवाला डोकावला, "ताई, खानावळ चालू आहे ना?"

हिने हसून ताट वाढले. जेवून तो म्हणाला, "माझंही घर चाकांवरच, ताई. फक्त वाढणारं कुणी नाही."

वाट मोकळी झाली. त्याचाच ट्रक आडवा आला. पण मी हॉर्नला हात लावला नाही.