मृत्यूपूर्वीच्या इच्छेचे काय?

कोलकात्यात देहदान आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. ज्योती बसू यांनी २००३ मध्ये लिहून दिलेली इच्छा २०१० मध्ये त्यांच्या निधनानंतर पाळली गेली. २०२४ मध्ये बुद्धदेव भट्टाचार्य यांचा देहही वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवण्यात आला. मृत्यूनंतरचा असा विचार करणाऱ्या या शहरातही मृत्यूपूर्वीच्या दिवसांविषयी मौन पाळले जाते, याची मला खंत वाटते. कर्करोग बळावल्याचे निदान अनेकदा रुग्णापासूनच लपवले जाते. मग कृत्रिम श्वसनयंत्राचा निर्णय अतिदक्षता विभागाच्या दाराशी भांबावलेल्या मुलांवर येऊन पडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीची अटही काढली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. तरीही रुग्णाला विचारणार कोण? वेदनाशमन कसे हवे, अखेरचे दिवस घरी की रुग्णालयात, कोणते उपचार नकोत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे निदानानंतर लगेच विचारण्याची पद्धत कर्करोग रुग्णालयांनी पाडावी. देहदानाचा अर्ज भरून घेणाऱ्या संस्थांनीही त्यासोबत इच्छापत्राचा नमुना द्यावा, असे मला वाटते.