सभासद-यादीची किल्ली कोणाकडे?

निवडणूक जवळ आली की पॅनेल कोणते, अध्यक्ष कोण, यावर समाजात चर्चा रंगते. सभासदांची यादी कोणाच्या हाती आहे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक संस्थेची सत्ता तेथेच असते. यादीत नाव नाही, त्याला मत नाही. ही यादी आता जाड वहीत नसून संगणकावरील एक्सेल फाईलमध्ये असते. चिटणीस बदलतात, फाईल नव्या कार्यकारिणीकडे येते, वाचताही येते. पण त्यात एक अक्षर बदलता येत नाही. मग दिवंगतांची नावे तशीच राहतात आणि नव्या सुना, वयात आलेली मुले यादीबाहेर राहतात.

अशा वेळी आरोप करण्याआधी कुलूप कोणते आहे ते पाहावे. ई-मेलने आलेली फाईल एक्सेल सावधगिरी म्हणून नुसती वाचायला देते. वर पिवळी पट्टी दिसते, तिच्यावरील 'एनेबल एडिटिंग' दाबले की काम होते. कार्यालयात तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडी असेल, तर तेथे बंद होईपर्यंत थांबावे. शीटलाच संरक्षण असेल, तर 'रिव्ह्यू'मध्ये 'अनप्रोटेक्ट शीट' निवडावे. पासवर्ड लावलेला नसेल तर कुलूप तत्काळ निघते. असेल तर जुन्या चिटणीसांकडे लेखी मागावा. ते नसतील, तर दिसणारा मजकूर बहुधा नव्या फाईलमध्ये उतरवून घेता येतो. मात्र फाईल उघडण्यासाठीच पासवर्ड असेल, तर तो हरवल्यावर मायक्रोसॉफ्टही देऊ शकत नाही. गूगल शीट असेल, तर बदलाचा अधिकार मालकाकडेच मागावा लागतो.

कुलूप काढून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर फाईल चढवू नये. आपल्या सभासदांचे पत्ते आणि फोन परक्यांच्या हाती देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नवी प्रत काढणे सोपे, पण खरा धोका तेथेच आहे. एक यादी जुन्या मंडळींकडे, दुसरी नव्यांकडे. मतदानाच्या दिवशी खरी कोणती? दोन याद्या म्हणजे दोन तट. म्हणून नवी प्रत काढायची तर कार्यकारिणीच्या ठरावाने, दोन्ही बाजूंच्या समक्ष, आणि त्या दिवसाची छापील प्रत सह्यांनिशी ठेवून.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. कोणावर अविश्वास म्हणून नव्हे, तर एकावर सगळा भार नको आणि उद्या संशयही नको म्हणून. बदली झाली की किल्ल्यांची देवघेव रजिस्टरात नोंदवून सह्या होतात. आपल्या संस्थांत पदभार देताना हार-तुरे होतात, पासवर्ड मात्र कोणी देत नाही.

आपल्या इंदुरात हे नवे नाही. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, मोडी मागे पडली. आज कित्येक घरांत आजोबांचे मोडी कागद ट्रंकेत आहेत. कुलूप नाही, तरी वाचणारा नसल्याने ते बंदच आहेत. एकालाच उघडता येणारा कागद त्याच्याबरोबरच जातो. वैयक्तिक गूगल खाते दोन वर्षे वापरले नाही, तर गूगल ते मजकुरासह काढून टाकू शकते, असा नियम त्या कंपनीने २०२३ साली जाहीर केला. दिवंगत चिटणीसांच्या खात्यावर राहिलेल्या यादीचे काय होईल, हे सांगणे नको.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत समाजबांधवांनी पुढील ठराव मांडावा. यादी संस्थेच्या नावाच्या खात्यावर राहील. बदलाचा अधिकार चिटणीस व कोषाध्यक्ष दोघांनाही असेल. पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात संस्थेच्या कपाटात राहील. दरवर्षी छापील यादी सूचनाफलकावर लागेल आणि पदभाराच्या कागदावर पासवर्ड दिल्या-घेतल्याची सही होईल.

पॅनेल कोणतेही निवडून येवो. यादी व्यक्तीची नव्हे, समाजाची आहे. एवढे ठरले तर निम्मी भांडणे सभेआधीच मिटतील.