चिखलातील हौस आणि कायद्याचे ओझे

स्लोव्हेनियातील एका शेतावर २००७ च्या ऑगस्टमध्ये गवताचे गठ्ठे कोठाराच्या माळ्यावर रचण्याचे काम चालू होते. ट्रॅक्टर मागे घेताना त्याच्या ट्रेलरचा धक्का शिडीला लागला आणि शिडीवर उभा असलेला माणूस खाली पडला. त्याच्या नुकसानभरपाईचा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ४ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, वाहनाचा वापर त्याच्या नेहमीच्या कार्याशी सुसंगत असेल, तर तो खासगी जमिनीवर झाला तरी सक्तीच्या वाहनविम्याच्या कक्षेत येतो. जखमी माणसाच्या दृष्टीने निर्णय न्याय्यच होता. परंतु त्याचा तडाखा बसण्याची पाळी आली ती ब्रिटनमधील शेताबांधांवर आणि ओढ्यानाल्यांत रविवारी मोटारसायकल चालवणाऱ्या हौशी मंडळींवर. एखादा छोटा, गरिबीत चालणारा खेळ जगतो कशावर आणि मरू शकतो कशाने, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण उद्बोधक आहे.

मोटारसायकलची स्पर्धा म्हटली की वेग डोळ्यांपुढे येतो. ‘ट्रायल’ नावाचा खेळ नेमका याच्या उलट आहे. येथे घड्याळाला फारसे महत्त्व नाही. निसरडे दगड, झाडांची मुळे, उभा चढ, ओढ्याचे पात्र अशा अवघड जागी खुणा लावून छोटे छोटे टप्पे आखले जातात आणि स्वाराने पाय जमिनीला न टेकवता ते पार करावयाचे असतात. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन आणि टप्पा पार करता आलाच नाही तर पाच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी. खरी कसोटी तोल, संयम आणि इंजिनावरील हुकमत यांची असते.

महाराष्ट्रातील वाचकांना या खेळाचे एक अपत्य चांगलेच परिचयाचे आहे. १९५५ मध्ये मद्रासला जिची जुळणी सुरू झाली, त्या बुलेटच्या मागील चाकाची झुलती रचना १९४८ मध्ये ब्रिटनमधील ट्रायलच्या चिखलात कसाला लागली होती. तिच्याच उत्पादकांच्या मोटारसायकलवर जॉनी ब्रिटन यांनी १९५२ व १९५७ मध्ये स्कॉटलंडमधील सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल जिंकली. कारखानदारांनी या खेळाचा असा उपयोग करून घेतला खरा. पण खेळाचा कणा मात्र हौशी क्लब हाच राहिला.

या खेळाच्या अर्थकारणाकडे पाहिले की तो स्वस्त का, हे उमगते. त्याला प्रेक्षागृह लागत नाही, बांधीव धावपट्टी लागत नाही. वेग कमी असल्याने मोडतोड मर्यादित राहते आणि जुनी मोटारसायकलही अनेक वर्षे कामी येते. पण स्वस्ताईचे खरे रहस्य जमाखर्चाच्या वहीत न दिसणाऱ्या दोन नोंदींत आहे. एक म्हणजे प्रत्येक टप्प्यापाशी पावसापाण्यात दिवसभर उभे राहून स्वारांचे दंडगुण टिपणारे निरीक्षक, आणि दुसरी म्हणजे आपली जमीन एका दिवसासाठी वापरू देणाऱ्या शेतकऱ्याची संमती. निरीक्षकाच्या दिवसाचे बाजारभावाने मोल करावयाचे आणि जमिनीचे व्यापारी भाडे द्यावयाचे ठरवले, तर सामान्य पगारदाराला प्रवेशशुल्क परवडणार नाही. २००१ मध्ये गुरांमध्ये लाळ-खुरकुताची साथ पसरली तेव्हा स्कॉटलंडमधील ती सहा दिवसांची ट्रायल रद्द करावी लागली. शेतकऱ्याचे फाटक बंद झाले की हा खेळ थांबतो, याचा याहून स्पष्ट दाखला नको.

अशा खेळाचे नियमन कोणी आणि कसे करावे? ब्रिटनमध्ये ही जबाबदारी मुख्यतः १९०३ मध्ये स्थापन झालेली ‘ऑटो-सायकल युनियन’ सांभाळते. तिची घडण खालून वर आहे. गावोगावचे क्लब प्रादेशिक केंद्रांशी आणि केंद्रे मध्यवर्ती संघटनेशी जोडलेली. क्लबने परवाना घ्यावा, नियमपुस्तिकेप्रमाणे ट्रायल घ्यावी आणि त्या परवान्याबरोबर तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या विम्याचे संरक्षण मिळावे, अशी ही व्यवस्था आहे. एकट्या क्लबला विमा कंपनीच्या दारी कोणी उभे करणार नाही. शेकडो क्लब एकत्र आले की तोच विमा आवाक्यात येतो. १९३२ पासून हौशी स्वारांची एक वेगळी संघटनाही तेथे काम करीत आली आहे. एकीचे शुल्क किंवा नियम जाचक झाले तर क्लबांना दुसरे दार उपलब्ध असणे, हा मक्तेदारीवरचा एक मोलाचा अंकुश आहे.

सरकारी कायद्यानेही या खेळाची वेगळी ओळख राखली आहे, हे विशेष. १९८८ च्या वाहतूक कायद्यानुसार पायवाटांवर आणि घोडेस्वारीच्या वाटांवर ट्रायल घ्यावयाची तर स्थानिक प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि जमिनीचा मालक व ती कसणारा यांची लेखी संमती असल्याखेरीज ती मिळत नाही. इंग्लंडमधील नियोजनाच्या नियमांनुसार मोकळी जमीन वेगळी परवानगी न घेता वर्षातून २८ दिवस तात्पुरत्या उपयोगासाठी वापरता येते. मात्र मोटारशर्यती, वेगाच्या चाचण्या आणि त्यांचा सराव यांना १४ दिवसांचीच मुभा आहे. वेग हा ज्यांचा उद्देश नाही त्यांना अधिक सवलत आणि विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या क्षेत्रांत मोटारींच्या कोणत्याही खेळाला ही मुभा नाही, असा हा तारतम्याचा नियम आहे.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे. शांततेच्या ओढीने डोंगरात जाणाऱ्या पदभ्रमणकाराला इंजिनाचा आवाज नकोसा वाटतो. ओल्या मातीत चाकांनी पाडलेल्या चऱ्या लवकर बुजत नाहीत. २००६ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील ज्या जुन्या वाटांवर मोटारवाहनांचा हक्क अधिकृतपणे नोंदलेला नव्हता, तेथील तो हक्क काही अपवाद वगळता संपुष्टात आणला, तो याच असंतोषातून. या तक्रारी केवळ श्रीमंतांचा कांगावा म्हणून झटकून टाकता येणार नाहीत. मात्र याचा परिणाम असा की, सार्वजनिक वाटा जसजशा आक्रसतात, तसतसा खेळ खासगी मालकाच्या मर्जीवर अधिकाधिक अवलंबून राहतो. म्हणूनच ट्रायल संपल्यावर खुणा काढणे, बांध दुरुस्त करणे, फाटके लावणे ही कामे केवळ शिष्टाचाराची उरत नाहीत. ती पुढील वर्षाच्या परवानगीची किंमत असते.

धोका बाहेरूनच येतो असेही नाही. १९७५ पासून या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत आहे आणि स्पेनच्या टोनी बोऊ यांनी २००७ पासून वर्षानुवर्षे ती सलग जिंकून कौशल्याची सीमा कोठल्या कोठे नेली आहे. त्यांच्या तोडीच्या स्वारांची पारख करणारा टप्पा सामान्य हौशी माणसाचा हातपाय मोडील. शिखरावरील मंडळींसाठी आखलेले मोजमाप पायथ्याशी लावले, तर नवखा पुन्हा येणार नाही. यावर क्लबांनी शोधलेला उपाय साधा आहे. एकाच टप्प्यात वेगवेगळ्या रंगांच्या खुणांनी दोन-तीन वाटा आखायच्या. निष्णाताने कड्यावरून जावे, नवशिक्याने बाजूने. निरीक्षक तोच, जमीन तीच, दंडगुणांची रीत तीच. समतेचा अर्थ सर्वांना एकाच चढावर ढकलणे असा नसून प्रत्येकाला पेलेल तो चढ देणे असा आहे, हे या मंडळींनी कोणताही गाजावाजा न करता सिद्ध केले आहे.

या पार्श्वभूमीवर २०१४ च्या निर्णयाचे गांभीर्य लक्षात येते. शेतातील प्रत्येक स्वाराला दुसऱ्या स्वाराच्या इजेसाठी सक्तीचा वाहनविमा हवा, असे ठरले असते, तर तो विमा उतरवण्यास कंपन्या पुढे आल्या नसत्या, अशी मोटारक्रीडा क्षेत्राची भीती होती. युरोपीय संघाने २०२१ च्या निर्देशाने स्पर्धांना सशर्त वगळले आणि संघाबाहेर पडलेल्या ब्रिटनने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करून तो अन्वयार्थच आपल्यापुरता रद्द केला. खेळ वाचला. परंतु खासगी जागेत जखमी होणाऱ्या माणसाचे एक संरक्षण त्याबरोबर गेले, हेही विसरता कामा नये. म्हणून संघटनांच्या परवान्यामागील विमा हा आता केवळ सोयीचा भाग राहिलेला नाही. मिळालेल्या सवलतीच्या बदल्यात या खेळाने समाजाला देणे असलेली ती हमी आहे. जो क्लब परवान्याचे शुल्क वाचवून परस्पर ट्रायल घेईल, तो आपली बचत दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडांवर टाकील.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत लावण्यास किंवा वेगाची चाचणी घेण्यास मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण मनाई हे धोरणाचे अर्धे अंग झाले. रस्त्यावर वेगाची नशा शोधणाऱ्या तरुणाला संथ गतीच्या, कौशल्याच्या खेळाकडे वळवावयाचे, तर मनाईच्या जोडीला क्लब, परवाना, विमा आणि जमीनमालकाशी सलोखा ही दुसरी बाजूही उभी करावी लागेल. त्यासाठी लागणारा पैसा फारसा नाही. पगार नसताना पावसात उभे राहून दुसऱ्याचे गुण प्रामाणिकपणे टिपणारी माणसे मात्र लागतात, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकातील तरतुदीने निर्माण होत नाहीत.