खेळात जात कोण आणतं?

मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानात विनिसियसला माकड म्हणून हिणवलं गेलं, तेव्हा रियल माद्रिदचे चाहते असलेले माझे मित्र वर्णद्वेषावर भरभरून बोलले. चांगलंच केलं. पण २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला, तेव्हा याच मित्रांना त्यातली भीमजयंती खटकली होती. म्हणे, खेळात जात कशाला? अहो, नागपुरात विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, तोवर ही पोरं मैदानाबाहेर का होती? मैदान कुणाच्या वाट्याला येतं, हे जात नाही तर कोण ठरवतं? टीव्हीवर बाबासाहेबांची मालिका चालली, पण घरगुती मालिकेतल्या नायकाचं आडनाव कांबळे का नसतं? निवडणूक आली की मात्र सगळ्यांच्याच गळ्यात निळा गमछा! मित्रांनो, स्पेनमधला अन्याय दिसतो, मग गल्लीतला का दिसत नाही?

जय भीम!