विश्लेषण : हिमालयातून परतल्यावर लगेच टायमिंग काढण्याची घाई का नको?

हिमालयातला ट्रेक करून आलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी पहाटे मैदानावर उतरतो आणि सोळाशे मीटरचे टायमिंग काढतो. ‘वर विरळ हवेत राहून आलो, आता खाली दम लागणार नाही,’ हा त्यामागचा हिशेब. चंद्रपूर-गडचिरोलीत तो केवळ हौसेचा नसतो. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांच्या १६०० मीटर आणि मुलींच्या ८०० मीटर धावण्याला २० गुण आहेत. काही सेकंद इकडेतिकडे झाले की गुण जातात, आणि पाय दुखावून महिना गेला तर कदाचित अख्खी भरती जाते.

पहाडाची ओढ या भागाला नवी नाही. मे २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवरच्या जिल्ह्यातली ही मुले ८,८४८ मीटरवर पोहोचली. त्यानंतर पहाडाचे स्वप्न पाहणारी मुले वाढली तर नवल नाही. मात्र वर कसे जायचे यावर जितके बोलले जाते, तितके खाली आल्यानंतरच्या तीन आठवड्यांवर बोलले जात नाही.

रक्त खरेच वाढते का?

वाढते, पण आठवडाभरात नाही. उंचीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. त्यामुळे तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा चढलेला दिसतो. तांबड्या पेशी मात्र तेवढ्याच असतात. वरण आटले की दाट होते, डाळ वाढत नाही, तसेच हे. नव्या पेशींची लक्षणीय भर पडायला दोन हजार मीटरच्या वर सलग तीन-चार आठवडे मुक्काम लागतो आणि शरीरात लोहही पुरेसे असावे लागते. केदारकंठासारख्या पाच-सहा दिवसांच्या ट्रेकमध्ये हे घडत नाही. लांब मोहिमेत घडले तरी खाली आल्यावर ही वाढ काही आठवड्यांत ओसरते.

‘खेळाडू तर मुद्दाम उंचीवर जातात’ हा प्रश्न रास्त आहे. त्यावरचा १९९७ मधील अमेरिकी प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात धावपटू चार आठवडे २,५०० मीटरवर राहिले, पण सरावाला रोज १,२५० मीटरपर्यंत खाली उतरले. पाच हजार मीटरची त्यांची वेळ सरासरी तेरा सेकंदांनी सुधारली. कळीची गोष्ट अशी की, ते रोज धावत होते. ट्रेकर चालतो.

अविनाश साबळेचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. बीड जिल्ह्यातला हा जवान सियाचीनमध्ये तैनात होता, हे खरे. पण धावपटू म्हणून त्याची घडण नंतर सैन्याच्या क्रॉस कंट्री संघात सुरू झाली आणि राष्ट्रकुल स्पर्धेतले रौप्य आले २०२२ मध्ये. मधली वर्षे सरावाची होती.

पाय का दगा देतात?

पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन रोज सहा तास चालणाऱ्याचा दम टिकतो. धावण्याची सवय मात्र मोडते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. चालताना तो वजनाहून थोडाच अधिक असतो. पोटरी आणि टाचेच्या वरची शीर हा उसळता भार झेलायची विसरलेली असते. त्यातच उतरणीने मांड्या आतून दुखावलेल्या असतात आणि वर भूक मेल्याने वजन घटलेले असते. छातीला वाटते धावावे, पाय तयार नसतात. नडगीचे दुखणे, ज्याला भरतीची मुले ‘शिन पेन’ म्हणतात, ते अशाच वेळी गाठते. गावात मैदान नसल्याने डांबरी रस्त्यावर धावणाऱ्यांना तर आणखी लवकर.

चंद्रपूरचे ऊन

माझ्या मते इथल्या मुलांसाठी उंचीपेक्षा हा मुद्दा मोठा आहे. उन्हाळी ट्रेकहून माणूस परततो तो मे-जूनच्या चंद्रपुरात, जिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पहाटही गार नसते. उन्हाची सवय म्हणजे लवकर घाम सुटणे, प्लाझ्मा वाढणे, नाडी आटोक्यात राहणे. ती अंगी यायला दहा-चौदा दिवस लागतात आणि थंडीत राहिल्यास उतरू लागते. म्हणजे इथे जन्मलेला मुलगाही दोन-तीन आठवडे बर्फात काढून आला की उन्हाच्या बाबतीत काही प्रमाणात पाहुणाच असतो.

सिकलसेलचे काय?

विदर्भाच्या या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही आणि अनेकांना आपण वाहक असल्याचे माहीतही नसते. पण दोन प्रसंगी जपावे लागते. उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते; ट्रेकमध्ये डाव्या बरगडीखाली जोराचे दुखले असेल तर डॉक्टरांना दाखवावेच. दुसरा प्रसंग सराव तुटल्यावर उन्हात, पाणी कमी पडलेले असताना एकदम जीव तोडून धावण्याचा. त्यात स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

म्हणून वाहकांना मैदानाबाहेर बसवायचे का? मुळीच नाही. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी, विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा सराव यांचे नियम सर्वांनाच लागू असलेल्या त्या सैन्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा अधिक आढळले नाहीत; स्नायू मोडण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. नियम सर्वांना लावले तर कोणाला वेगळे काढावे लागत नाही. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मोहिमेला किंवा भरतीच्या सरावाला निघण्यापूर्वीच ती करून घ्यावी.

मग सुरुवात कशी करावी?

पहिला आठवडा झोप, पोटभर जेवण आणि चालणे. मांड्यांचे दुखणे थांबल्यावर एक-दोनदा पंधरा-वीस मिनिटे, शेजाऱ्याशी बोलता येईल इतके सावकाश धावणे. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, जमल्यास मातीवर आणि सूर्य वर येण्याआधी. घड्याळ घरी ठेवावे. तिसऱ्या आठवड्यात शंभर मीटरच्या चार-सहा वेगवान धावा, मध्ये पुरेसे थांबून. सोळाशेचे टायमिंग त्यानंतर. एव्हरेस्टसारख्या लांब मोहिमेहून आलेल्याने हे सारे दुप्पट धरावे. धावताना पाय गोळा न येताच लुळे पडले किंवा लघवी चहासारखी झाली तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

अकादमी चालवणाऱ्यांनी परतलेल्या मुलाला पहिल्याच सोमवारी इतरांसोबत टायमिंगच्या रांगेत उभे करू नये. आणि आश्रमशाळेची मुले पहाडावर पाठवताना मोहिमेच्या वेळापत्रकात परतीनंतरचे तीन आठवडे, त्या काळातल्या आहारासह, आधीच लिहिलेले असावेत. मैदानी चाचणीची तारीख त्याआधी पडत असेल, तर त्या वर्षी ट्रेक पुढे ढकललेला बरा.