आठवणींसाठी एक संध्याकाळ

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. एवढे कुठल्याही पुस्तकात सापडते. पण साचेखात्याच्या खडखडाटात शेजारच्या साचेवाल्याशी खुणांनी कसे बोलत, बदली कामगाराला त्या दिवशी काम मिळाले नाही तर तो गिरणीच्या दारातून कुठे जाई, हे ज्याने अनुभवले त्यालाच विचारावे लागते. संपात विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे गेला आहे. विचारायचे असेल तर आताच विचारले पाहिजे.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या ग्रंथात कामगारांच्या तोंडून हा इतिहास नोंदवला. मोठे काम झाले, पण ते दोघींवर सोडून भागणार नाही. लालबाग, परळ, वरळी, काळाचौकीच्या प्रत्येक चाळीत अजून न सांगितलेले पुष्कळ आहे.

आठवणी फक्त गिरणीच्या नकोत. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी हे शहर चालवले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून त्यांना संघटित केले. त्या बायकांनी महिन्याचा हिशेब कसा ठेवला, संपात थकलेली उधारी कशी सोसली, हे त्यांनीच सांगावे. इराण्याच्या हॉटेलातल्या चहाबरोबर दारूबंदीच्या काळातले चोरटे गुत्तेही सांगावेत. पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या दारात का उभ्या राहत, याचे उत्तर तिथे मिळते. महापालिकेच्या शाळा आणि दिवसभर राबून गाठलेल्या रात्रशाळाही यात याव्यात. कवी नारायण सुर्वे यांनी महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक म्हणून काम केले. अशा शाळांत शिकलेल्यांनी आपले मास्तर, आपला वर्ग आठवून सांगावा. ट्राम-बसच्या आठवणीही हव्यात. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली, सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी डिझेलची डबल डेकर गेली. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बाकासाठी धावलेली मुले आज आजी-आजोबा आहेत.

एकट्याने सांगितलेली आठवण चुकू शकते. चारचौघांत सांगितली की दुसरा दुरुस्त करतो, तिसरा भर घालतो, आणि तिला पुराव्याचे बळ येते. प्रश्नही नेमके हवेत. 'तेव्हा कसे होते?' असे विचारले की हळहळ ऐकू येते. 'कोणती पाळी, कोणती बस, राइस प्लेट केवढ्याला?' असे विचारले की माहिती मिळते.

गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्या जमिनींचे कागद सरकारदरबारी जपले जातील, तिथे राबलेल्या माणसांचे दिवस कोणी जपणार नाही. गिरणगावातल्या गणेशोत्सव मंडळांनी दहा दिवसांतली एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. थोरांना बोलते करावे, मुलांनी ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन नाव, चाळ आणि साल टिपावे आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्यावी. याला वेगळा निधी लागत नाही. मंडळांनी हे यंदाच सुरू करावे.